सप्तरंगीची गोळी केमिस्टकडे का मिळत नाही?

मधुमेहावरच्या झाडपाल्याबद्दल वाचकांची पत्रं सतत येत असतात. त्यांतली काही या वेळी एकत्र घेतली आहेत. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा धागा आहे, त्यामुळे शक्यतो क्रमाने वाचावीत.

प्रश्न : आमच्याकडे आठवडी बाजारात सप्तरंगीची मुळी, गुडमारचा पाला, जांभळाच्या बियांची पूड, बिबळ्याचे पेले असं सगळं मिळतं. माझ्या आत्याला बरीच वर्षं मधुमेह आहे आणि तिने यातलं एकूण एक करून पाहिलं आहे. या वनस्पतींत खरंच काही असेल, तर नेमका तो पदार्थ काढून त्याची गोळी केमिस्टकडे का मिळत नाही? औषध कंपन्यांनाच ते नको आहे, असं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : आधी आत्याच्या गोळ्यांचं पाकीट उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘मेटफॉर्मिन’ असण्याची शक्यता खूप आहे. गेल्या काही वर्षांत औषधं बदलली असतील तर ‘डापाग्लिफ्लोझिन’ किंवा ‘एम्पाग्लिफ्लोझिन’ही असेल. या दोन्ही प्रकारच्या औषधांची सुरुवात झाडापासून झाली आहे. म्हणजे तुम्ही विचारता तशी गोळी केमिस्टकडे आहे. फक्त ती आपल्या बाजारातल्या मुळीपासून आलेली नाही, आणि झाडात जे होतं ते जसंच्या तसं तिच्यात राहिलेलं नाही. ते का राहिलं नाही, हे कळलं की तुमच्या प्रश्नाचं उत्तर निम्मं मिळतं.

मेटफॉर्मिनचं मूळ गालेगा ऑफिसिनालिस या झुडपात आहे. वाटाण्याच्या कुळातलं, युरोपात ओलसर जागी वाढणारं, फिकट जांभळ्या फुलांचं हे झाड तिथल्या लोकवैद्यकात जुनं आहे. पण ते गुणीच आहे असं नाही. १८९१मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात ते चारा म्हणून लावलं गेलं. जनावरांना ते बाधतं हे लक्षात आलं तोवर ते कालव्यांच्या कडेने पसरलं होतं, आणि आज तिथे ते उपद्रवी तण म्हणून नोंदलेलं आहे. या झाडातून १९१४च्या सुमारास फ्रान्समध्ये गॅलेजिन नावाचं संयुग वेगळं काढण्यात आलं. ते ग्वानिडीन या पदार्थाच्या गोतावळ्यातलं. ग्वानिडीन दिल्यावर प्राण्यांच्या रक्तातली साखर उतरते हे वातानाबे या संशोधकाने १९१८मध्ये दाखवलं. पुढे गॅलेजिन मधुमेही माणसांना देऊन पाहिलं, तर साखर उतरे खरी, पण गुण देणारी मात्रा आणि विष ठरणारी मात्रा यांत अंतर फारच थोडं होतं.

इथून पुढचं काम रसायनशास्त्राने केलं. दोन ग्वानिडीन जोडून तयार होणारी, अंगाला अधिक मानवणारी संयुगं प्रयोगशाळेत बनवली गेली. डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी १९२२मध्ये मेटफॉर्मिन तयार केलं. मात्र त्याच सुमारास टोरांटोत इन्सुलिन हाती आलं आणि बाकी सगळं मागे पडलं. पॅरिसचे डॉक्टर झाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिन पुन्हा उचललं आणि १९५७मध्ये मधुमेहींवरचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेने त्याला परवानगी दिली ती थेट १९९४च्या अखेरीस. आज मेटफॉर्मिन कारखान्यात साध्या रसायनांपासून बनतं, त्यासाठी गालेगाचं एक पानही तोडावं लागत नाही.

दुसरी कथा मला याहून अधिक आवडते, कारण तिच्यात माणसांची चिकाटी दिसते. १८३५मध्ये डे कोनिंक आणि स्टास या बेल्जियन रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन हा कडू पदार्थ वेगळा केला. सिंकोनाची साल कडू आणि तापावर चालते, तेव्हा हाही तापावर चालेल, अशी त्या काळची अटकळ. ती फसली. पन्नास वर्षांनी, १८८६मध्ये, जर्मनीतल्या फॉन मेरिंग यांना दिसलं की फ्लोरिझिन दिलेल्या कुत्र्यांच्या लघवीतून साखर जाते. म्हणजे मधुमेहाचं एक लक्षण निर्माण करणारा पदार्थ म्हणून त्याची ख्याती झाली! त्यातच मधुमेहाचं औषध दडलेलं आहे हे उमगायला आणखी शंभर वर्षं गेली.

आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज रक्तातून गाळतात आणि निरोगी माणसात ते जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. हे परत घेण्याचं बहुतेक काम एसजीएलटी-२ नावाचं प्रथिन करतं. फ्लोरिझिन नेमकं तेच अडवतं. साखर परत आत न घेता लघवीवाटे जाऊ दिली तर रक्तातली साखर उतरेल, हे १९८०च्या दशकात उंदरांवर सिद्ध झालं. पण फ्लोरिझिन गिळून उपयोग नव्हता. आतड्यातली विकरं त्याचे दोन तुकडे करत, आणि जे शिल्लक राही ते आतड्यातल्या दुसऱ्या एका प्रथिनालाही अडवून जुलाब लावी. रसायनशास्त्रज्ञांनी मग त्या रेणूतला कच्चा दुवा हेरला. रेणूच्या साखरेचा भाग उरलेल्या भागाला ऑक्सिजनच्या अणूने जोडलेला होता आणि विकरं तिथेच घाव घालत होती. तो ऑक्सिजन काढून दोन्ही भाग थेट कार्बनने जोडले, बाकी रचनेतही फेरफार केले, आणि आतड्यात न तुटणारं, मूत्रपिंडातल्या प्रथिनालाच नेमकं अडवणारं औषध तयार झालं. डापाग्लिफ्लोझिनला युरोपात २०१२मध्ये परवानगी मिळाली. सालीतून फ्लोरिझिन काढल्याला तेव्हा १७७ वर्षं झाली होती. हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनाही या औषधांचा फायदा होतो हे त्यानंतर मोठ्या चाचण्यांत दिसलं. भारतात २०२०मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, अनेक कंपन्या ते बनवू लागल्या आणि किंमत पुष्कळ खाली आली.

तिसरं उदाहरण तुतीचं. रेशमाच्या किड्यांसाठी आपल्याकडे जालना, बीड भागांत जिची लागवड होते तीच तुती. तिच्या मुळाच्या सालीतून १९७६मध्ये जपानी संशोधकांनी डीऑक्सीनोजिरिमायसिन काढलं, आणि त्याच रेणूत बदल करून मिग्लिटॉल हे औषध तयार झालं.

तेव्हा कंपन्यांना झाडं नको आहेत हे खरं नाही. उलट १९९९मध्ये अमेरिकेत जांभूळ, कारलं, गुडमार आणि वांगं यांच्या मधुमेहावरच्या मिश्रणाला पेटंट दिलं गेलं होतं आणि त्यावरून आपल्याकडे संताप उसळला होता. आपली जुनी ज्ञानसंपदा परक्या पेटंट कचेऱ्यांना दाखवता यावी म्हणून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारलं गेलं, त्यामागे असेच प्रसंग होते. आपल्या बाजारातल्या मुळ्यांची गोळी झालेली नाही, कारण त्यांच्या बाबतीत अजून तो पल्ला गाठलेला नाही. शुद्ध रूपात काढता येईल, पोटातून सुखरूप पार होईल, माणसाला सोसेल आणि हातात असलेल्या औषधांहून काही जास्त देईल असा रेणू त्यांच्यातून पुढे आलेला नाही. काहींच्या बाबतीत आशा आहे. काहींच्या बाबतीत निराशाही झाली आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर घेतात. तिथल्या संशोधकांनी तो रीतसर चाचणी करून तपासला आणि साखर उतरत नाही असं प्रांजळपणे जाहीर केलं. आपण पानं नाही, बिया वापरतो, त्यामुळे बियांचा निकाल त्यातून लागत नाही. पण तितक्याच कसोशीने बिया तपासल्या जायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी.ला आहे. औषधी वनस्पतींतून ‘संयुगं वेगळी करणं’ हा तिचा प्रकल्प आहे. घरी आम्ही काढा करतो त्याहून हे वेगळं काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : काढाही एक अर्कच आहे, पाण्याने काढलेला. आणि पाणी पाण्यात विरघळणारंच उचलतं. चीनमध्ये तू यूयू यांनी हिवतापावरचं आर्टेमिसिनिन शोधलं तेव्हा हीच अडचण होती. उकळलेल्या काढ्यातून भरवशाचा गुण येईना. १९७१मध्ये त्यांनी कमी तापमानाला ईथर वापरून अर्क काढला तेव्हा औषध हाती लागलं. उलट सप्तरंगीच्या बाबतीत पाणीच योग्य आहे. तिच्यातलं सॅलॅसिनॉल हे संयुग पाण्यात चांगलं विरघळतं. श्रीलंकेत तिच्या जवळच्या भावंडाच्या, कोथला हिंबुटूच्या, लाकडाचे पेले करतात आणि त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी पितात. सॅलॅसिनॉल १९९७मध्ये वेगळं केलं ते जपानच्या योशिकावा यांच्या गटाने, आणि ते याच श्रीलंकेतल्या वनस्पतीतून.

तुमच्या मुलीच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते सांगतो. मुळी किंवा पाला सावलीत वाळवतात, दळतात, चाळतात. त्याआधी वनस्पती तीच आहे याची खात्री वनस्पतिशास्त्रज्ञाकडून करून घेऊन एक वाळवलेला नमुना जपून ठेवतात. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण इथे चूक झाली तर पुढची दोन वर्षं भलत्याच झाडावर खर्ची पडतात. मग चूर्ण सॉक्सलेटमध्ये जातं. दुधातली चरबी मोजण्यासाठी फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९मध्ये बनवलेलं हे काचेचं उपकरण आजही जवळजवळ तसंच वापरतात. खाली चंबूत द्रावक उकळतो, वाफ वर चढते, गार नळीत तिचं पाणी होतं आणि थेंबथेंब चूर्णावर पडतं. चूर्ण ठेवलेली नळी काठोकाठ भरली की बाजूच्या वाकड्या नळीतून सगळा द्रव एकदम भसकन खाली उतरतो, आणि पुन्हा थेंब पडू लागतात. पहिल्या फेऱ्यांत उतरणारा द्रव गडद असतो, मग फिका होत जातो. तो रंगहीन झाला की त्या द्रावकाला जे काढता येण्याजोगं होतं ते निघालं.

द्रावकही एकामागून एक बदलतात. हेक्झेनने मेण आणि चरबी जाते, मग इथिल अ‍ॅसिटेट, मग मेथॅनॉल, शेवटी पाणी. प्रत्येक अर्कातला द्रावक कमी दाबाखाली उडवला की गोलबुडी चंबूच्या तळाशी चिकट, काळपट थर राहतो. त्यात शेकडो संयुगं असतात. त्यांतलं कामाचं कोणतं हे नुसतं पाहून कळत नाही, म्हणून चाचणी लागते.

मधुमेहासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी अल्फा-ग्लुकोसिडेजची. हे विकर आपल्या आतड्यात पिष्ट पदार्थांचे शेवटचे तुकडे करून ग्लुकोज मोकळं करतं. प्रयोगशाळेत त्याला एक कृत्रिम खाद्य देतात, जे तुटलं की पिवळा रंग येतो. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत विकर, खाद्य आणि वेगवेगळ्या मात्रेत अर्क घालतात. जिथे अर्काने विकराला रोखलं तिथला खळगा फिका राहतो. एका ओळीत गडद पिवळ्यापासून जवळजवळ रंगहीनापर्यंत उतरंड दिसली की विद्यार्थ्याचा चेहरा उजळतो. तो आनंद रास्त आहे. मग त्या अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पुन्हा ताटलीत तपासायचा, जो भाग खळगे फिके करतो तेवढाच पुढे न्यायचा, सिलिकाच्या कॉलमवरून त्याचे आणखी तुकडे करायचे. किलोभर चूर्णापासून सुरुवात केली तरी शेवटी शुद्ध संयुग बऱ्याचदा मिलिग्रॅमांतच हाती येतं. त्याची रचना एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमीटर सांगतात.

तुमच्या मुलीला दोन गोष्टी जरूर सांगा. एक, टॅनिन. हिरडा, डाळिंबाची साल, अगदी रोजचा चहासुद्धा या चाचणीत खळगे फिके करतो, कारण टॅनिन कोणत्याही प्रथिनाला चिकटून त्याचं काम बंद पाडतं. ‘मधुमेहविरोधी गुणधर्म आढळले’ असं सांगणाऱ्या कित्येक निबंधांत नुसतं टॅनिनच सापडलेलं असतं. ते आधी काढून टाकून पुन्हा तपासलं तरच निष्कर्षाला अर्थ.

दुसरी गोष्ट, मात्रा. उंदराला वजनाच्या किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, असं अशा निबंधांत नेहमी वाचायला मिळतं. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात हिशोब केला तर ७० किलोच्या माणसाला ती मात्रा रोज साडेचार ग्रॅम अर्काची होते. शंभर ग्रॅम चूर्णातून दहा ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर रोज ४५ ग्रॅम चूर्ण. एवढं चूर्ण महिनोन्‌महिने कोण खाईल, आणि त्याचं यकृत काय म्हणेल? शिवाय उंदराला मधुमेह जडवण्यासाठी बहुधा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारतं. आपल्याकडे बहुसंख्यांना असतो तो टाइप-२ मधुमेह असा होत नाही. हा हिशोब प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मांडणारे विद्यार्थी मला फार मोलाचे वाटतात.

प्रश्न : गुडमारची दोन पानं चावली की साखर तोंडात वाळूसारखी लागते, हे मी स्वतः अनुभवलं आहे. जिभेवरची गोडी मारणारं रक्तातली साखर मारणार नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अनुभव शंभर टक्के खरा आहे. ज्यांनी कधी घेतला नसेल त्यांनी घेऊन पाहावा, मुलांना तर जरूर दाखवावा. पान दोनेक मिनिटं नीट चघळून टाकून द्यायचं आणि साखर तोंडात घ्यायची. कण दाताखाली कचकचतात, विरघळतात, पण गोड काही लागत नाही. मीठ नेहमीसारखंच खारट लागतं. अर्ध्या-पाऊण तासात चव परत येते. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या प्रथिनाला अडवतात, म्हणून हे होतं. ही आम्लं पहिल्यांदा वेगळी केली उटकमंडला सरकारी रसायनतज्ज्ञ असलेल्या डेव्हिड हूपर यांनी, १८८७मध्ये.

पण जिभेवरचं प्रथिन आणि रक्तातली साखर हे दोन वेगळे मामले आहेत. पानाने जीभ काही काळ आंधळी केली म्हणून खाल्लेल्या पेढ्यातली साखर कुठे जात नाही. ती आतड्यातून रक्तात उतरतेच. गुडमारचा रक्तशर्करेवर परिणाम होतो का, हा प्रश्न स्वतंत्रपणेच तपासावा लागतो. मुंबईच्या हाफकिन संस्थेतल्या म्हसकर आणि कायस यांनी १९३०मध्ये या वनस्पतीवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता, म्हणजे मराठी मुलखातल्या प्रयोगशाळेत हा विषय चांगला जुना आहे. मद्रासच्या संशोधकांनी १९९०मध्ये टाइप-२च्या २२ रुग्णांना त्यांच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत गुडमारचा ४०० मिलिग्रॅम अर्क रोज, दीड वर्षाहून जास्त काळ दिला. साखर उतरली, आणि पाच जणांच्या गोळ्या बंद करता आल्या. वाचून आशा वाटते, मलाही वाटते. पण कोणाला अर्क आणि कोणाला नकली गोळी हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. चाचणीत नाव घातलं, डॉक्टर वरचेवर विचारू लागले, की माणूस आहार सांभाळतो आणि त्यानेच साखर उतरते. तो वाटा वेगळा करायचा तर दोन सारखे गट हवेत, आणि २२ नव्हे, काहीशे माणसं हवीत. ही चाचणी आपल्या देशात व्हायला हवी. पाला आपला, रुग्ण आपले, रुग्णालयं आपली, मग अडतं कुठे? अडतं पैशांपाशी. ज्या पाल्यावर कोणाची मक्तेदारी नाही त्याच्या चाचणीवर कोणी कंपनी कोट्यवधी रुपये घालत नाही. ते सरकारी पैशानेच व्हायला हवं.

प्रश्न : बिबळ्याच्या पेल्यातलं पाणी लालसर झालं की गुण येतो म्हणतात. खरं का? (एक वाचक, भंडारा)

उत्तर : लाकडातली रंगद्रव्यं पाण्यात उतरतात, म्हणून पाणी रंगतं. औषध किती उतरलं याचं ते माप नव्हे, आणि पेला जुना झाला की उतरणारं कमी होत जातं. बिबळ्यावर, म्हणजे विजयसारवर, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने एक अभ्यास केला होता. त्यात रुग्णांना पेल्यातलं पाणी नाही, मोजून अर्क दिला होता. १९९८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात नव्यानेच निदान झालेल्या किंवा उपचार न घेतलेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. इथेही तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तेव्हा नोंद चांगली, पण निकाल अपुरा.

प्रश्न : सकाळी उपाशीपोटी कारल्याचा आणि दुधीचा रस घेतो. कडू जितकं जास्त तितकं साखरेला मारक, असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कृपा करून हा समज आजच सोडा, आणि ग्रुपवरही टाका. कडूपणाचा साखर उतरण्याशी काहीही संबंध नाही. दुधीचा रस कडू लागला तर त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. असा रस पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या, रक्तदाब कोसळल्याच्या आणि मृत्यूच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. त्यांत मधुमेहासाठी रस घेणारेही होते. कडू लागला म्हणजे अधिक गुणकारी, अशा समजुतीने नाक मुठीत धरून संपवला गेला, तिथेच घात झाला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा सल्ला स्पष्ट आहे : दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नये, आधी छोटासा तुकडा चाखून पाहावा, कडू लागला तर फेकून द्यावा. कारल्यात मिसळलेल्या दुधीचा कडूपणा तुम्हाला ओळखूच येणार नाही, हे मिश्रणातलं खरं भय आहे. प्यायल्यावर उलट्या, जुलाब सुरू झाले तर थेट रुग्णालय गाठा.

कारल्याचं म्हणाल, तर थायलंडमध्ये २०११ला प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कारल्याच्या दोन ग्रॅम चूर्णाने साखर थोडी उतरली, पण रोजच्या १,००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनइतकी नाही. भाजी म्हणून कारलं उत्तम आहे. गूळ न घालता करा आणि आनंदाने खा.

प्रश्न : आमच्या गावच्या राईत सप्तरंगीच्या जुन्या वेली आहेत. एक व्यापारी मुळी किलोवर मागतो आहे. द्यावी का? (एक वाचक, संगमेश्वर)

उत्तर : सप्तरंगी ही सावकाश वाढणारी, लाकडी वेल आहे. पाला तोडला तर पुन्हा फुटतो, मुळी खणली की वेल गेली. कोकणातल्या कितीतरी जागी ती केवळ राखलेल्या राईंमुळे टिकून आहे. औषध मिळवण्याचा अनुभव असा आहे की रचना कळली की रेणू प्रयोगशाळेत बनवता येतो, सॅलॅसिनॉलही बनवलं गेलं आहे. पण ज्या रानातल्या वेलीच संपल्या, त्यांत आणखी काय होतं ते कोणालाच कळणार नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि व्यापारासाठी माल नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार तिला आहे. आधी समितीची बैठक घ्या, वेली मोजा, नोंदवहीत लिहा. बिया आणि छाट यांपासून रोपं करून बांधावर लावा. जुन्या वेलींच्या मुळीला मात्र हात लावू देऊ नका, व्यापारी कितीही भाव देवो.

प्रश्न : हे सगळं ठीक. पण माझी आई गोळ्यांसोबत सप्तरंगीचा काढा घेतेच, माझं ऐकत नाही. निदान काय जपावं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तिच्याशी भांडू नका. श्रीलंकेत ५१ रुग्णांवर झालेल्या काळजीपूर्वक चाचणीत याच जातकुळीच्या चहाने तीन महिन्यांत एचबीए१सी थोडं पण मोजण्याइतकं उतरलं होतं. आईचं मत अगदी निराधार नाही, हे तिला सांगा म्हणजे ती तुमचंही ऐकेल. फक्त डॉक्टरांपासून लपवायला नको. काढा कधीपासून, किती, कशाबरोबर, हे कागदावर लिहून न्या. काढ्याच्या भरवशावर गोळी कमी करायची नाही, आणि कोणाला इन्सुलिन चालू असेल तर ते तर कधीच बंद करायचं नाही. पूड विकत घेत असाल तर जपून : अशा पुडींत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी गोळी कुटून घातल्याची प्रकरणं अनेक देशांत उघडकीला आली आहेत. काढ्याने ‘दोन दिवसांत फरक’ पडत असेल तर पहिला संशय तोच घ्या.

आणि एक बारीक गोष्ट, जी घराघरांत माहीत असायला हवी. सप्तरंगी काम करते ती आतड्यातल्या विकराला रोखून, व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज या गोळ्यांसारखीच. आईला व्होग्लिबोज चालू असेल तर काढ्याने पोटात वायू धरेल, पोट फुगेल. शिवाय तिला ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिनही असेल आणि कधी साखर एकदम उतरून घाम, थरथर सुरू झाली, तर आपण घाईने चमचाभर साखर तोंडात घालतो. ही साखर पचायला तेच विकर लागतं, आणि ते तर अडवलेलं असतं, त्यामुळे ती चढायला वेळ लागतो. अशा वेळी ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून द्यायची, कारण ग्लुकोज पचवावं लागत नाही, सरळ रक्तात जातं. केमिस्टकडून एक डबा आणून आईच्या उशाशी ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला तो कुठे आहे ते दाखवून ठेवा.